बर्फातली चाकोरी

"बर्फावर खेळते म्हनलं तं कोनतं खोटं हाये त्याच्यात? बर्फच हाये ना तो?"

आत्या स्वयंपाकघरात आईला विचारत होती. मी पुढच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या टेबलाशी बसले होते आणि माझ्या कानांवर हेडफोन होते. आमच्या घरात असा समज आहे की हेडफोन लावलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही. मी आवाज कधीच चालू ठेवत नाही, माझ्या कामाला तो लागत नाही. त्यामुळे त्या हंगामात माझ्याविषयी जे जे बोललं गेलं, ते सगळं मी ऐकलं.

"पन ताई, ते कुठं खेळते? ते तं निरा पाह्यत बसते," आई म्हणाली.

"इतकं बारीक कोन पाह्यते, सुनंदा? बायोडाटा हाये तो, कोर्टातलं ॲफिडेव्हिट नाही."

समोरच्या पडद्यावर ऑस्ट्रियातल्या एका डोंगरमाथ्यावर एक मुलगी उभी होती. तिचे डोळे मिटलेले होते आणि दोन्ही हात हवेत डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे वळत होते. शर्यतीआधी सगळेच असं करतात. सकाळी उताराच्या कडेने हळूहळू घसरत जाऊन वाट पाहून घ्यायची, आणि मग वर येऊन डोळे मिटून ती सगळी मनात एकदा उतरायची. मी तिला तिथेच थांबवलं आणि स्वयंपाकघरातलं ऐकत राहिले. माझ्या लग्नाचा बायोडाटा तयार होत होता.

ऑक्टोबर आला की हा हंगाम सुरू होतो. यंदाही झाला. आमच्याकडे सोयाबीन निघालेलं असतं, दिवाळीची झाडझूड चाललेली असते, दुपारी अजून पंखा लागतो, आणि तिकडे आल्प्समधल्या एखाद्या हिमनदीवर पहिली शर्यत होते. मग मार्चपर्यंत जवळजवळ दर आठवड्याला कुठे ना कुठे: स्वित्झर्लंड, इटली, स्लोव्हेनिया. त्यांची सकाळ होऊन पहिला गडी उतारावर निघतो तेव्हा अकोल्यात जेवणं उरकून लोक आडवे झालेले असतात. म्हणून माझ्या आठवणीतल्या बर्फाला दुपारचे वास आहेत. फोडणीच्या तेलाचा, गॅलरीत वाळणाऱ्या गादीचा, नळाला पाणी आलं की भरून ठेवलेल्या प्लास्टिकच्या टाकीचा. तिकडे उतारावर मुद्दाम पाणी मारतात, बर्फ काचेसारखा कडक व्हावा म्हणून. ते पाहून आई दर वेळी म्हणते, "इतलं पानी!"

बाहेर शेतांमध्ये तेव्हा कापूस फुटलेला असतो. कापसाची आणि बर्फाची तुलना मी करत नाही. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा माझ्या खांद्यावरून वाकून तीच करतो.

माझं काम सांगायला सोपं आणि पटवायला अवघड आहे. बंगळुरूची एक कंपनी मला स्कीइंगच्या शर्यतींचे व्हिडिओ पाठवते. उतारावर लाल आणि निळ्या काठ्या रोवलेल्या असतात, मी त्यांना फाटकं म्हणते. वरून खालपर्यंत प्रत्येक फाटकातून जायचं. एक जरी चुकलं तरी त्या स्पर्धकाची शर्यत संपली. मी चित्र थांबवत थांबवत जाते आणि नोंदवते. इथे ही उशिरा वळली, इथे हिचा हात बर्फाला टेकला, इथे ही बाहेर गेली. त्या नोंदी पुढे कोण वापरतं हे मला माहीत नाही. मी स्वतः बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिला आहे. लहानपणी चिखलदऱ्याला सहलीला गेलो होतो तेव्हा धुकं होतं, बाईंनी आम्हाला "इमॅजिन स्नो" असं सांगितलं होतं. तेवढाच.

बाबांना मी एकदा समजावून सांगितलं. ते पाटबंधारे खात्यात कारकून आहेत, नोंदीचं महत्त्व त्यांना कळायला हवं.

"म्हंजे तू पंच हायेस," ते म्हणाले.

"नाही बाबा."

"मंग स्कोरर?"

"तसंही नाही."

ते थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि पाणी प्यायला उठले. बाबा कधी खोटं बोलत नाहीत आणि कुणाला खोटं पाडतही नाहीत. जिथे या दोन्हींपैकी एक करावं लागेल अशी वेळ येते, तिथे ते उठून पाणी पितात.

दिवाळीच्या आधी कंपनीकडून कुरिअरने एक जॅकेट आलं. गडद निळं, जाड, पाठीवर उतारावरून झेपावणाऱ्या स्पर्धकाचं चित्र आणि छातीवर "टीम" अशी इंग्रजी अक्षरं. अकोल्यात ते घालण्याजोगी थंडी कधी पडत नाही. आत्या अमरावतीहून आली होती. तिने ते घडी मोडून पाहिलं, हात फिरवला आणि मला घेऊन गच्चीवर गेली. भर बाराला. माझा फोटो काढायला.

"मागं आभाय येऊ दे. टाकी नको येऊ देऊ. हास ना जराशी, पोट्टे!"

मी हसले. घाम मानेवरून जॅकेटच्या आत उतरत होता. त्या फोटोत मी खरंच कुठल्याशा उंच ठिकाणी उभी असल्यासारखी दिसते, आणि माझा चेहरा चमकतो आहे तो बर्फाच्या उजेडाने असं कुणालाही वाटावं. त्याच्या खाली, शिक्षण, उंची, रक्तगट झाल्यावर, आत्याने एक ओळ टाकली: "खेळ: स्कीइंग (आंतरराष्ट्रीय)". मला दाखवलं. मी ओळ वाचली. दोनदा वाचली. मग फोन तिला परत दिला.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. ही गोष्ट मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहे की आता तिला धारही राहिलेली नाही. शाळेत इंग्रजीत बोललं पाहिजे असा नियम होता, म्हणून चूक होईल या भीतीने मी गप्प असायचे. घरी सगळ्यांसारखं बोलायला गेले की चुलत भावंडं हसायची, "कॉन्व्हेंट बोलली, कॉन्व्हेंट बोलली," म्हणून इथेही गप्प. पुढे गप्प बसण्याचीच ओळख झाली. पाहुण्यांसमोर आई कौतुकाने म्हणायची, "आमची पल्लवी लय शांत हाये." एकदा माणूस शांत ठरला की त्याच्या शांततेचा अर्थ इतर लोक लावतात, आणि तो बहुतेक वेळा त्यांच्या सोयीचा निघतो.

त्या ओळीने अमरावतीत एका घरात खळबळ उडवली. तिथले वडील निवृत्त क्रीडाशिक्षक. सगळे त्यांना नुसतं सर म्हणतात. त्यांचा मुलगा अमोल वीज कंपनीत कंत्राटावर होता. आमच्या भागात खेळाच्या सर्टिफिकेटचं काय मोल आहे ते बाहेरच्या माणसाला लवकर कळणार नाही. सरकारी भरतीत खेळाडूंसाठी राखीव जागा असतात, आणि त्या जागांसाठी मुलं कुठले कुठले खेळ शोधून काढतात, ज्यांचं मैदानही जिल्ह्यात नाही. आपल्या नोकरीच्या काळात सरांनी कबड्डीवाले, कुस्तीवाले, तिरंदाज, सगळे नोकरीला लावले होते. बर्फावरची मुलगी मात्र त्यांना पहिल्यांदाच सापडली होती.

डिसेंबरात ते पाहायला आले. आईने दह्यात बुडवलेला गिलावडा केला होता. सरांनी ताट बाजूला ठेवलं आणि आधी माझ्याकडे, मग भिंतीवर टांगलेल्या जॅकेटकडे पाहिलं. ते आत्याने टांगलं होतं.

"जबरदस्त," ते म्हणाले. "बेटा, मी चाळीस वर्षं पोट्ट्यायले सांगून राह्यलो, गर्दीत घुसू नका. कॉम्पिटिशन नाही असा खेळ पकडा. तू बरोब्बर पकडला. नॅशनल झालं?"

"इंटरनॅशनलच्याच मांगं हाये ते," आत्या म्हणाली. "दुपारभर तेच. जेवाची शुद्ध राह्यत नाही."

प्रत्येक शब्द खरा होता. बाबा पाणी प्यायला उठले.

त्या दुपारीही शर्यत होती. पाहुणे येताना मी व्हिडिओ अर्धवट थांबवला होता आणि लॅपटॉपवर ओढणी टाकली होती. ओढणीच्या खालून निळसर उजेड येत होता. सर बोलत होते, त्यांच्या बोलण्यात खरा आनंद होता, आणि मला तो पाहवत नव्हता. त्यांनी अमोलची गोष्ट सांगितली. अमोल खो-खोचा चांगला खेळाडू. सर्टिफिकेट होतं, निवडयादीत नाव होतं, आणि पडताळणीत कळलं की ती स्पर्धाच मान्यता नसलेल्या मंडळाने भरवली होती. नाव यादीतून गेलं. "खेळला खरा, धावला खरा, पन कागद खोटा," सर म्हणाले. "सर्टिफिकेट म्हंजे खेळाडूचा सातबारा, बेटा. तोच नसन तं वावर कोनाचं?"

नंतर आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं. दहा मिनिटं. खाली जिन्यात आत्या बसली होती. अमोल सिमेंटच्या टाकीला टेकून उभा राहिला, पॅंटला चुना लागेल हे त्याच्या लक्षात आलं नाही आणि मी सांगितलं नाही.

"एवढ्या स्पीडनं खाली येतात. भीती नाही वाटत?" त्याने विचारलं.

"वाटते," मी म्हणाले.

"बाबा लय खूश आहेत. इतके खूश मी त्यांना माझ्या निवडीच्या वेळीच पाहिलं होतं." मग म्हणाला, "तुम्ही जास्त बोलत नाही."

"नाही."

"मीपण नाही."

अमोल वाईट नव्हता, आणि अवघड तेच होतं. वाईट माणसाला नाही म्हणायला कारण असतं. मला त्याच्याबद्दल काहीच वाटत नव्हतं, चांगलंही नाही. मला इतक्यात लग्न करायचं नव्हतं, आणि त्या घरात तर ज्या मुलीची वाट पाहिली जात होती ती मी नव्हतेच. पण "काहीच वाटत नाही" हे आमच्याकडे कारण म्हणून चालत नाही. खाली आल्यावर आत्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली, आणि ती म्हणाली, "झालं. पसंत हाये तिले."

पाहुणे गेल्यावर मी ओढणी काढली आणि उरलेल्या स्पर्धकांच्या नोंदी भराभर पुऱ्या केल्या.

शर्यतीत आधी कुणी निघायचं हे ठरलेलं असतं. नामवंत आधी, बाकीचे मागून. आधीच्यांना गुळगुळीत उतार मिळतो. त्यांच्या वळणांनी प्रत्येक फाटकाशी बर्फ खरवडला जातो, खोल होतो, आणि तीस-चाळीस जण गेल्यावर तिथे सरळ खंदक तयार होतात. शेवटी येणाऱ्याला स्वतःची वाट निवडता येत नाही. तो खड्ड्यात शिरतो आणि खड्डा त्याला नेतो.

शेवटच्यांमध्ये एक हिरव्या हेल्मेटची मुलगी असायची. कुठल्याशा छोट्या देशाची, जिथे बहुधा डोंगरही नाहीत. तिच्याबरोबर एकच माणूस असायचा, तोच तिच्या पायांच्या स्कीच्या पट्ट्या घासायचा, तोच वरून ओरडायचा. ती बहुतेक शर्यतींत बाहेर जायची. टीव्हीवाले तिच्या वेळी जाहिराती दाखवत असावेत. माझ्या व्हिडिओत मात्र ती पूर्ण असायची, आणि मी तिच्या नोंदी सगळ्यांत सावकाश करायचे.

जानेवारीत आम्ही आईच्या माहेरी, पातूरकडच्या खेड्यात, हुरड्याला गेलो. वावराकडे जाणारा रस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात गाड्या आणि ट्रॅक्टर गेलेले, त्यांच्या चाकोऱ्या आता वाळून दगडासारख्या झालेल्या. मामाची दुचाकी एकीत शिरली आणि बाहेर निघेना. हँडल वळवलं तरी चाक तिच्याच कडेला घासत सरळ जाई. मी मागे बसले होते. "आता जिथं नेईन तिथं जा लागते," मामा हसत म्हणाला, "मधात उतरता येत नाही." वावरात शेकोटीभोवती सगळे बसले होते, भाजलेल्या कणसांचा गोड धूर होता, तिळाची चटणी होती, आणि माझ्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख चर्चेत होती. साक्षगंध मार्चच्या शेवटी, लग्न मेमध्ये. मी गरम दाणे तळहातावर चोळत होते. साल फुंकून उडवायची, दाणे तोंडात टाकायचे. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. किती तरी वेळ मी खात राहिले.

त्याच आठवड्यात कंपनीतून एक संदेश आला. आमच्या नोंदी तपासणारी एक बाई आहे, तिला मी कधी पाहिलेलं नाही. डिसेंबरातल्या त्या पाहुण्यांच्या दिवसाची शर्यत तिने तपासली होती. तिने लिहिलं होतं की हिरव्या हेल्मेटच्या स्पर्धकाचं फाटक चुकलं आहे आणि तुम्ही तिला शेवटपर्यंत पोहोचवलं आहे, कृपया पाहा.

मी पाहिलं. खरंच, वरच्या टप्प्यातच काठी तिच्या दोन पायांच्या मधून गेली होती; दोन्ही पाय काठीच्या एकाच बाजूने जावे लागतात. इतकं बारीक की एकदा पाहून कळणार नाही. पण तिला कळलं होतं. पुढच्या दोन वळणांत ती उभी राहिली, एक हात वर केला आणि वाट सोडून कडेला सरकली. नियमच आहे तो. फाटक चुकल्यावर पुढे जात राहायचं नसतं. तिथे कुणी ओरडलं नव्हतं, कुणी थांबवलं नव्हतं, ती स्वतःच थांबली. आणि मी घाईत तिला खालपर्यंत आणलं होतं, वेळेसकट. मी नोंद दुरुस्त केली. दुरुस्तीला अर्धं मिनिटही लागलं नाही. त्यानंतर बराच वेळ मी त्या वर केलेल्या हाताशी चित्र थांबवून बसले होते. पाठीमागून आई गेली, बाबा गेले, शेजारची भाबी वाटी मागायला आली. भिंतीकडे तोंड असलेल्या माणसाचा चेहरा कुणाला दिसत नाही, ही त्या टेबलाची चांगली बाजू.

फेब्रुवारीभर सरांचे फोन येत राहिले. "जयभीम बेटा, प्रॅक्टिस चालू हाये ना?" ते मला भिजवलेले चणे खायला सांगत. गुडघे जप म्हणत. एका भरतीची जाहिरात निघणार होती, माझं सर्टिफिकेट असणारच असं धरून तिच्या आधी त्याची क्रीडा कार्यालयातून पडताळणी करून घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. "एकदा फसलो, आता नाही," ते म्हणत. मी "हो काका" म्हणत असे. खोटा कागद सादर केला तर काय होतं हे बाबांना माहीत होतं; ते जेवताना ताटातल्या भाकरीकडे पाहत. आई म्हणायची, लग्न झालं की सांगू, मग समजून घेतील, माणसं चांगली आहेत. मी रोज सकाळी अंघोळ करताना एक वाक्य तयार करायचे. नळाच्या आवाजात ते मोठ्याने म्हणूनही पाहायचे. मग दार उघडलं की बाहेर आई टॉवेल घेऊन उभी, आणि वाक्य आत राहून जायचं.

खोली तीच, टेबल तेच. पडद्यावर लोक ताशी शंभरच्या वेगाने डोंगर उतरत होते आणि मी एका जागी बसून त्यांना थांबवत होते. त्या महिन्यांत मला फार गरम व्हायचं. उन्हाळा अजून यायचा होता.

तो मार्चमध्ये आला. हंगामाच्या शेवटच्या शर्यती त्याच सुमारास असतात, बर्फ दुपारी मऊ पडू लागलेला असतो. एका रविवारी साक्षगंधाचं ठरवायला आम्ही अमरावतीला गेलो. बडनेऱ्याला उतरून ऑटो केला. सरांच्या घरी त्याच दिवशी कूलर लावला होता. खसच्या नव्या ताट्यांवर पहिलं पाणी पडल्याचा ओला वास सगळ्या हॉलमध्ये होता. आत्या आधीच येऊन बसली होती. अमोल सरबत घेऊन आला, त्याने माझ्या हातात पेला देताना विचारलं, "प्रवास ठीक?" मी मान हलवली.

किती माणसं, कोणतं सभागृह, बुद्धवंदनेला कोणाला बोलवायचं, हे सगळं अर्ध्या तासात ठरलं. मग सर आत गेले आणि काळ्या रेक्झिनची एक फाईल घेऊन आले. तिच्यात प्लॅस्टिकचे कप्पे होते. त्यांचे जुने विद्यार्थी, संघांचे फोटो. मधेच अमोलचं ते बाद झालेलं सर्टिफिकेट. ते त्यांनी काढून टाकलं नव्हतं, उलटं करून ठेवलं होतं. शेवटचा कप्पा रिकामा होता. त्याच्यावर कागदाची पट्टी, शिक्षकी वळणाच्या अक्षरात: "पल्लवी. स्कीइंग."

"मंगळवारी ऑफिसात जाऊन येतो," सर म्हणाले. "तिथले साहेब माह्येच विद्यार्थी. आना बरं ते सर्टिफिकेट, हातानंच ठेवतो याच्यात."

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं ते पाणी मागतील. पेला त्यांच्यासमोरच भरलेला होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. त्यांचे कान लाल झाले होते.

"ते... घरीच राह्यलं, सर," बाबा म्हणाले. "निंघाच्या गडबडीत."

माझ्या उभ्या आयुष्यात मी बाबांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. आत्या बोलली तेव्हा मला राग आला होता, आई बोलली तेव्हा वाईट वाटलं होतं. आता मात्र मी हातातला पेला खाली ठेवला. आतापर्यंत मी गप्प होते म्हणून हे माझ्यापुरतं होतं असं मला वाटत आलं होतं. ते खोटं चालत चालत त्यांच्या तोंडापर्यंत आलं होतं, आणि ते बोलून झाल्यावर ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"काही हरकत नाही," सर म्हणत होते, "उद्या व्हॉट्सॲप करा, ओरिजिनल मंग..."

"काका," मी म्हणाले. आवाज फार बारीक निघाला. कूलर चालू होता, कुणी ऐकलं नाही. अमोलने ऐकलं. तो उठला आणि त्याने कूलर बंद केला.

"काका, सर्टिफिकेट घरी नाही. ते कुठेच नाही. मी स्कीइंग करत नाही, मी बर्फसुद्धा पाहिलेला नाही. दुसरे खेळतात, त्यांच्या नोंदी ठेवायचं माझं काम आहे."

सरांचा हात त्या रिकाम्या कप्प्यावर तसाच राहिला. आत्या हसली. "अवो, मस्करी करून राह्यली ते. इंग्लिश मीडियमची हाये ना, असीच..."

"मस्करी नाही, आत्या," मी म्हणाले. "बाबांनी आत्ता माझ्यामुळे खोटं सांगितलं; खरं काय ते मी आधीच सांगायला हवं होतं. आणि साक्षगंधाचं मला अजून कोणी विचारलेलं नाही. काका, तुम्ही विचारा. मी नाही म्हणणार आहे."